स्वभावाचा कागद

चौबे कॉलोनी, रायपूर

ती. रामकृष्णदादा यांस,

तुमच्या घरच्या धाकट्या जावयाचा, निरंजनचा, साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी? इकडे सारं ठीक (पद्धत म्हणून लिहिलं. तुमची बहीण कुसुम दहा दिवसांपासून तुमच्याकडे नागपुरात आहे अन् मी दोन्ही टाइम खिचडी खाऊन राहिलो).

कुसुमनं काय सांगितलं मले माहीत नाही, पण सुरुवात ऑफिसात झाली. रायपूर राजधानी झाल्यापासून महिन्या-महिन्याले कोणीतरी साहेब येऊन आम्हाले सुधारून जाते. या खेपेच्या साहेबानं साठ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला अन् ज्याच्या त्याच्या स्वभावाचा कागद बंद लिफाफ्यात दिला, वर 'गोपनीय'चा शिक्का. माझा प्रकार निघाला 'शांत आधारस्तंभ'. वरून शांत, आतून काळजी करणारा, साऱ्यांसाठी झिजणारा, पण घरच्यांले किंमत नाही. दादा, डोळे भरून आले. ज्यानं मले चहासुद्धा विचारला नाही, त्याले माझं मन कळलं!

घरी येऊन कुसुमले मोठ्यानं वाचून दाखवलं. पोळी लाटता लाटता थांबून ती म्हणे, "हे तं माह्याबद्दल आहे." मी म्हटलं, साहेबानं तुले पाह्यलंही नाही. त्यावर ती म्हणे, "पंचवीस वर्षांत तुमी तरी कुठं पाह्यलं?" मग जास्त कोण झिजलं यावर जुंपली, त्यात तुमच्या आईचं नाव निघालं (माझ्या तोंडून). सकाळच्या गाडीनं ती गेली, कागद घेऊन.

काल झेरॉक्स मशीनचं झाकण उचललं तं आत तोच कागद, नावाची जागा कोरी. चौकशी केली. बडे बाबू, ड्रायव्हर, झाडूवाली शेवंता, सारेच शांत आधारस्तंभ! गोपनीय म्हटलं की सरकारी माणूस बायकोलेही दाखवत नाही, म्हणून दहा दिवस कोणाले पत्ता नाही (दाखवणारा शहाणा मी एकटाच). शेवंता तं ऐकूनही म्हणे, "हव भैया, फेर मोर बारे में तो सही लिखे हे." (म्हणजे, हो भाऊ, पण माह्याबद्दल तं बरोबरच लिहिलं आहे.)

आता माझं डोकंच चालत नाही. कागद साऱ्यांचा, म्हणजे माझा नव्हे. पण वाचला की माझाच वाटते. मी खरंच शांत आहो का, हे विचारावं तं जिले माहीत ती तिकडे. वहिनींले नमस्कार, गुडघ्याले जपा.

तुमचा,
निरंजन

ता.क. कागदाची सहावी ओळ कुसुमले वाचाले लावा : चूक कळते, पण माफी मागाले जीभ उचलत नाही. ती ओळ साऱ्या ऑफिसची असो, माझी नक्की आहे. रविवारी स्टेशनवर उभा राहतो म्हणा.

आणखी एक. ती म्हणेल, हे बी माह्याबद्दलच आहे. तसं म्हटलं तं वाद घालू नका, सरळ गाडीत बसवून द्या. तिलेही यायचं आहे.