सुल्माची उत्तरं

३ जुलै
पांढरं पान! परत पांढरं पान. टर्मिनलमध्ये हाताने कमांड देऊन चालवली की माझी स्क्रिप्ट शहाण्यासारखी पळते, फोरमवरच्या आईच्या पोस्ट एकेक करून गोळा करते. घरच्या सर्व्हरवर बाबांसाठी केलेल्या बटणातून चालवली की काही नाही. काय चुकलं तेही सांगत नाही. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसलेले. म्हणाले, "नाही जमत तर राहू दे, पोरी." आई गेल्यापासून सगळंच राहू दे. वैताग येतो मला.

४ जुलै
नीट लिहून काढते, डोकं तरी जागेवर येईल.
आई त्या बागकामाच्या फोरमवर वर्षानुवर्षं लिहायची. साल्तोतल्या या स्वयंपाकघरात बसून सगळ्या उरुग्वेतल्या झाडांची विचारपूस! बाबा ओरडायचे, "सुल्मा, जेवण गार होतंय." काय लिहिते ते कधी डोकावून पाहिलं नाही. आता फोरमवर सूचना लागलीय — महिनाअखेर बंद. मी बाबांना सांगितलं. त्यांचा माते, आपला तो कडू चहा, हातात तसाच राहिला. मग एवढंच — "म्हणजे तिचं लिहिलेलं सगळं जाणार?"
मी आपल्या लॅपटॉपवर गुपचूप उतरवून दिलं असतं. पण त्यांना स्वतः बटण दाबायचंय. "मलाही काहीतरी करू दे गं."

६ जुलै
सापडलं!!
चुकांचे संदेश माझी स्क्रिप्टच गिळत होती. ते एका फाइलमध्ये वळवले आणि वाचले. बटण दाबलं की काम माझ्या खात्यातून होतच नाही, सर्व्हरच्या स्वतःच्या खात्यातून होतं. त्या बिचाऱ्याला पानं उतरवणारं टूल कुठे ठेवलंय हेच माहीत नाही. पूर्ण पत्ता दिला. मग म्हणे फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. दिली, बाबा!
आमच्या बाबांना हाक मारली. त्यांनी हात पँटला पुसले (स्वच्छच होते) आणि दाबलं.
पडद्यावर आई: "अहो, त्या झाडाला पाणी नकोय. जरा एकटं सोडा त्याला."
बाबा हसले. मोठ्याने! "अगदी असंच बोलायची. मलाही."

९ जुलै
रोज सकाळी वाचत बसतात. आज मात्र चष्मा काढून म्हणाले, "हे सांगतेय कोणाला ती?"
मी म्हटलं, आपण फक्त आईच्याच पोस्ट घेतल्यात.
"म्हणजे ती फोनवर बोलतेय आणि मला एकच बाजू ऐकू येतेय. जन्मभर तसंच ऐकलं तिला." "पलीकडची माणसंही आण, यानिना."
अख्खा फोरम! बरं. आणते.

११ जुलै
साइटने दार लावून घेतलं. चूक माझीच — एका पानामागून दुसरं, मध्ये थांबायचं नाव नाही. कुणालाही वाटेल दरोडा पडलाय. बाबा म्हणाले, "लोकांच्या घरात शिरतेस, आधी दार तरी वाजव." मालकाला मेल लिहिला. मी सुल्माची मुलगी, एवढी ओळख दिली. खाली आमचा नंबर.

१२ जुलै
मालकांचा फोन! अदेमार नाव. मेर्सेदेसला असतात, आवाज घोगरा.
"काल दिवसभर शिव्या घातल्या गं तुला! सुल्माची मुलगी, मग आधी नाही का बोलायचं? घे काय हवं ते. पण दमानं. माझा सर्व्हर माझ्यासारखाच म्हातारा आहे." डोळ्यांना दिसेनासं झालंय, बघायला दुसरं कोणी नाही, म्हणून बंद करतायत. मग म्हणाले, "सुल्मा बऱ्याच दिवसांत फिरकली नाही. बरी आहे ना?"
फोन स्पीकरवर होता; मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी फोन हातातून काढून घेतला.
"मी विल्मार. तिचा नवरा. ती गेली हो, गेल्या ऑगस्टात."
ते कोणाला हे सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आजवर सगळ्यांना मीच कळवत आले. मला वाटलं आता फोन ठेवतील. नाही! अंगणात जाऊन कितीतरी वेळ बोलत होते. एकदा हसण्याचाही आवाज आला.

१३ जुलै
सावकाश चाललंय. प्रत्येक पानानंतर श्वास घेते आणि पुढे जाते.

२० जुलै
सगळे आले! बाहेर पाऊस, मी पावसातल्या नेहमीच्या पुऱ्या, तोर्ता फ्रिता, तळत होते आणि बाबा टेबलाशी बसून फोरमवरच्या बायकांची नावं घेत होते, जशा काही आत्याच माझ्या. "ही ताकुआरेम्बोची मिर्ता काय भांडखोर आहे! पण तुझी आई सोडते होय?"
मग एकदम — "महिना संपला की ही माणसं कुठे जाणार?"
"कुठे म्हणजे?"
"झाडाला काही झालं तर. विचारणार कुणाला?"
मी गॅस बंद केला. कढई तशीच ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

२१ जुलै
अदेमारकाकांना फोन केला. आमच्या सर्व्हरवर फोरम चालवू का, विचारलं. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज. "पोरी, सगळाच घेऊन जा की. पानं कशाला उचलत बसतेस एकेक."

३१ जुलै
तिकडचा फोरम मिटला. शेवटच्या पानावर काकांनी आमचा पत्ता टाकलाय.

२ ऑगस्ट
पहिला प्रश्न — मिर्ताचाच. इकडे ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी; हिवाने लिंबाचं झाड काळं पडलंय, छाटू का? आई काय सांगायची ते मी शोधत होते, तोवर बाबांनी एका बोटाने टाइप करून पाठवूनही दिलं: "छाटू नका. मेल्यासारखं दिसतं, पण मेलेलं नसतं. वसंतापर्यंत धीर धरा." खाली नाव — सुल्माचा नवरा.