हुरड्याच्या ताडपत्रीवर स्टॅबिलायझर नव्हता

अप्पा, काल हुरड्याला आपले सगळे डीलर आले होते आणि वर्षभरात काय खपलं, पुढे काय खपेल, ते मी त्यांना सांगितलं. तुमच्यासारखं सावकाश बोलायला मला अजून जमत नाही. आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं, बाई रागावली. काल खरोखरच रागावले होते, फक्त कुणावर ते कळत नव्हतं. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं कारखाना माझ्या परीने रेटला, पण तुम्हाला काही विचारावं असं कालच्याइतकं कधी वाटलं नाही. स्टॅबिलायझर चालू ठेवायचे की बंद करायचे, ते काल सांगून टाकायचं होतं.

आपलं घर त्या स्टॅबिलायझरवर उभं राहिलं. मी लहान आहे, आई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, आणि व्होल्टेज उतरतं, डोक्यावरचा दिवा पिवळा पडत पडत अगदी मिणमिणता होतो. पंखा रेंगाळायला लागतो. शेजारच्या काकू खिडकीतून लाइटच्या नावाने बोटं मोडतात आणि मी टाळ्या पिटत ओरडते, "आता आपला माल खपणार!" तुम्ही हातातली कपबशी खाली ठेवता. "लोकांच्या घरात अंधार झालाय आणि तुला नाचायला सुचतंय व्हय गं?" मी भोकाड पसरलं. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि तुमच्याकडे न बघताच म्हणाली, "पोरीला कशाला बोलताय? तुमच्या मनातलंच बोलली की ती." तुम्ही कपबशी पुन्हा उचललीत. पुढे आपल्या भागात नवं सबस्टेशन झालं, दिवे लख्ख जळायला लागले, तेव्हा गल्लीत तुम्हीही पेढे वाटलेत आणि घरी येऊन न जेवता झोपलात. दुसऱ्यांची अडचण मिटली की आपली सुरू होते, असला आपला धंदा. मला तेव्हा तुमचा राग आला होता, आता येत नाही.

त्यानंतरच तुम्ही शेतातल्या मोटारीचा ऑटोस्विच काढलात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावं लागायचं नाही. माळशिरसकडे त्याने आपल्याला चांगला हात दिला. आता त्याचीही उतरती कळा लागली आहे, कारण शेताशेतात सौर पंप बसताहेत आणि ते दिवसाढवळ्या चालतात, त्यांना आपल्या स्विचची गरज काय? म्हणून मी सौर पंपाचे कंट्रोलर सुरू केले. उठाव विचाराल तर जोरात आहे, सगळी विक्री सध्या तेच ओढतात. पण त्यातला सर्किट-बोर्ड बाहेरून तयार येतो. आपला फक्त पत्र्याचा डबा आणि त्यावर आपलं नाव. हे तुम्हाला सांगताना मला लाज वाटते आहे, मग बाकीचे कितीही शाबासकी देऊ देत.

आणि तुमची ती रीत मी अजून मोडलेली नाही. प्रत्येक डीलरने वर्षभरातला आपला सर्वांत वाईट निघालेला नग घेऊन यायचा, शेतातल्या ताडपत्रीवर सगळ्यांसमोर ठेवायचा, तुम्ही पाना-स्क्रूड्रायव्हरने तो उघडायचा, चूक कुणाची ते मोठ्याने सांगायचं, आणि मगच हुरड्याची आगटी पेटवायची. बाकीच्या कंपन्या डीलरला गोव्याला नेतात आणि आपण त्यांना आपलीच लाज दाखवायला बोलावतो, असं मी तुम्हाला चिडवायचे. त्यावर तुम्ही नुसते हसायचात आणि शेंगाचटणीची वाटी माझ्याकडे सरकवायचात.

काल ताडपत्रीवर कंट्रोलरचा ढीग पडला. मी एक उघडला तर आतला बोर्ड काळ्या लेपात बुजवलेला, डांबर ओतल्यासारखा. काय जळलं, कशाने जळलं, काही दिसेना. "बदलून देऊ," एवढंच मी म्हणाले. मी दुसरा उघडलाच नाही. ऑटोस्विच थोडे होते, एकात पाल मरून पडली होती, त्यावर जरा हशा झाला. स्टॅबिलायझर मात्र एकही नव्हता. मला एकदम भरून आलं. मी छाती फुगवून म्हणाले, "बघा, अप्पांचा माल! एक तरी परत आलाय का?"

मग माळशिरसचे डीलर, तुमच्याच वेळचे, मान खाली घालून म्हणाले, "ताई, एक बी इकला न्हाय, तर परत काय आणू? रोज धूळ तेवढी झाडतोय की." नवी पेठेतले डीलर म्हणाले, गिऱ्हाईक फ्रिजचं खोकंच पुढं करतं, त्यावर छापलेलंच असतं, स्टॅबिलायझर लागत नाही म्हणून. मी सगळ्यांबरोबर हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते एव्हाना पेटलेल्या आगटीच्या धुराचं म्हणून खपून गेलं.

मग मी सांगून टाकलं, पाडव्यापासून स्टॅबिलायझर बंद. सांगितलं आणि समोर बघितलं, तर कारखान्यातल्या वाइंडिंगच्या बायकाही तिथेच बसल्या होत्या आणि त्यांच्यात सगळ्या कारखान्याच्या मावशी होत्या. तुम्ही कामाला लावलेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, तांब्याची तार गुंडाळताना सगळ्या खोलीला दरडावणाऱ्या. मी घाईने म्हणाले, कुणाचंही काम जाणार नाही, सगळ्यांना कंट्रोलरच्या पॅकिंगला घेते.

"म्हंजे डब्याला स्टिकर लावायचं व्हय?" मावशी म्हणाल्या. "ते कुणी बी लावंल की, ताई. मी कशाला पायजे त्याला?"

आगटीवरचं कणीस काढणारा गडी थांबला. मावशी माझ्याकडे रोखून बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "अप्पा असते तर केलं असतं का बंद?"

"केलं असतं," मी म्हणाले. "जायच्या आधी मला तसं म्हणालेच होते."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "अप्पा म्हणाले असतील तर काय बोलणं न्हाय," असं म्हणून त्यांनी गरम कणीस हातावर चोळलं आणि पहिला हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. मी तो सगळ्यांदेखत खाल्ला. बाकीच्या बायकांनीही मग कणसं हातात घेतली. डीलर कंट्रोलरचं बोलायला लागले, पुढच्या हंगामात किती लागतील वगैरे, आणि मी मान डोलवत राहिले. निघताना मावशी सगळ्यांना सांगत होत्या की अप्पांना आधीच कळलं होतं, म्हणून तर ते अप्पा.

हे लिहिलेलं कुठे धाडायची सोय नाही, आणि असती तरी आज माझा हात धजला नसता. अप्पा, तुम्ही मला तसं काहीच म्हणाला नव्हता.