गोठ्यातला ट्रॅक्टर

३ मार्च २०२५
गणपतराव भाऊजी आज परत तेच म्हणाले, "वैनी, दम धरा की. नांगरट मे मधी निघंल. तुमचा नंबर लागंल तवा आमच्या ट्रॅक्टरनं नांगरतो." दम! मालक जाऊन चार वर्सं झाली. चारी वर्सं माझं रान शेवटाला. नांगरट उशिरा, लागण उशिरा, ऊस सगळ्यांच्या मागं. यंदा न्हाय! मालकांचा जुना ट्रॅक्टर गोठ्यात उभा हाय. कोंबड्या अंडी घालत्यात त्येच्यावर. तोच काढणार.

५ मार्च
पेठ वडगावचा सिद्धलिंग मिस्त्री बघून गेला. म्हणाला, "आक्का, इंजिन उतरावं लागंल. टायर गेलेत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय. लाखभर धरा."
"पन्नासात बसीव," म्हणलं. नुसता हसला.

९ मार्च
म्हस विकली. पंच्याऐंशी हजार. रडले न्हाय.

१० मार्च
पहाटं चरवी घेऊन गोठ्यात गेले. सवय! तशीच परत आले.

२२ मार्च
पंप, पिस्टन, क्लच प्लेट — मिस्त्री रोज नवीन नाव सांगतोय. आकडा लाखाच्या वर गेला. पुण्याला लेकाला फोन केला. विश्वजित म्हणतोय, "आई, भंगारात घाल. एवढ्या पैशात धा वर्सं भाड्यानं नांगरून हुईल."
हिशेब बरोबर हाय त्येचा. पण गावात भाड्याचा ट्रॅक्टरबी भाऊजींचाच, आणि त्यांना डावलून दुसरं कोण माझ्या रानात येत न्हाय. हे पुण्यात बसून कसं कळणार!

११ एप्रिल
सुरू झाला! धूर असा काळा, की शेजारची विठाबाई पापडाचं वाळवण उचलून शिव्या देत पळाली. देऊ दे. एकूण एक लाख अठरा हजार. वर मिस्त्रीच्या जेवणाला कोंबडी — ट्रॅक्टरवर अंडी घालायची तीच.
भाऊजी दारात उभे. "सुरू झाला खरं, चालवणार कोण?"
"मी."
मागं त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ शालूबाई, पदर तोंडाला लावून हसली. माझ्या तोंडावर!

१३ एप्रिल
मिस्त्री शिकवाय लागला. पहिल्या फेरीलाच साडी क्लचमधी अडकली, टराटरा फाटली. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. "वैनी, साडीबी खर्चात धरा!"
धरली. चारशे रुपये. पुढं बोला.

१४ एप्रिल
पेटीतनं सासूबाईंचं नऊवारी लुगडं काढलं. कासोटा घातला, बसले. पाय मोकळे! सासू ह्याच लुगड्यावर चिखलात भात लावायची, औतामागं चालायची. आम्हीच शहाण्या, सहावारी नेसून अडून बसलो.
एक बांध मोडला. माझाच हुता.

२ मे
रान नांगरलं. सगळं. गावात पहिलं! अंग ठेचल्यागत झालंय, पेन धरवंना. भाऊजी बांधावरनं बघत हुते.
म्हशीची आठवण येती. येऊ दे.

५ मे
शालूबाई आली. मागल्या दारानं. म्हणलं, आली हिणवायला. तर खाली बघत म्हणती, "आक्का, ह्यास्नी सांगू नगा. आमच्या दारात बी ट्रॅक्टर हायच की. मला शिकवा."
काखेत लुगडं घेऊनच आलती.