इनचार्जबाईंचा भाऊ

मंगळवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. धाकटीचा पुढचा दात पडला. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. नळ आणि मी, दोघंही सांगून सुधारत नाही, असं तुझी भावजय म्हणते.

फोनवर तू धड बोलत नाहीस, म्हणून लिहितोय. सख्खा भाऊ घड्याळ घेऊन आपल्याच वॉर्डात उभा राहिला याचा तुला राग आलाय, ते कळतं. पण ते माझं काम आहे. एका पेशंटच्या सेवेला इस्पितळाला खरा खर्च किती येतो ते काढायचं, तर कुठल्या कामात कोणाचा किती वेळ जातो ते बघावंच लागतं. औषधांची बिलं मिळतात, वेळेचं बिल कोण देणार?

आता मुद्द्याचं. तुझ्या वॉर्डाचा दर पेशंटमागचा वेळ सगळ्या वॉर्डांत कमी आला. त्यावरून साहेबांनी ठरवलं, की तिथे एक नर्स जास्त आहे. जास्त म्हणजे अर्थातच शेवटी आलेली, कंत्राटावरची. आपली चिमणी.

ताई, हे तुम्हीच ओढवून घेतलंत. "इनचार्जबाईंचा भाऊ येतोय, बाईंची मान खाली जायला नको," असं तुझ्या पोरींनी आधीच ठरवलं होतं म्हणे. चहावाल्या मावशींनी मला नंतर सांगितलं. काय ती धावपळ! एक ड्रेसिंग उरकलं की लगेच पुढची खाट. कोणी कोणाशी बोलेना. एका आजोबांनी चिमणीला विचारलं, "पोरी, माझा मुलगा आला का गं?" तर ती म्हणाली, "नंतर सांगते हं, आजोबा," आणि माझ्याकडे बघून हसली. शाबासकी हवी होती तिला.

ते आजोबा कोपऱ्यातल्या खाटेवर होते. वर मुद्दामच लिहिलं नाही. आईची खाट.

शेवटच्या दिवसांत चिमणी रोज संध्याकाळी आईचे केस विंचरायची. सावकाश, गुंता हाताने सोडवत, त्याच त्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकत. तुला सगळ्या वॉर्डाचं बघायचं होतं, मी हिशेबात बुडालेलो. आईजवळ ती होती. आणि माझ्या मोजणीत ते कुठेच नाही, कारण माझ्यासमोर तिने कोणाचेच केस विंचरले नाहीत. मला फार वाईट वाटलं, ताई.

मी अहवालावर सही केली नाही. साहेब म्हणाले, "कारण?"

म्हटलं, "मी इनचार्जबाईंचा भाऊ. मला बघून सगळ्या धावल्या. हे आकडे रोजच्या कामाचे नाहीत."

खूप बोलले. यंदाच्या बढतीवर पाणी सोडलंय मी. पण पुन्हा मोजायला ते तयार झाले.

सोमवारपासून आठवडाभर एक अनोळखी बाई येतील. तू फक्त पोरींना सांग, रोज करता तसंच करा. उगाच जास्त नको आणि कमी तर नकोच नको. चिमणीला सांग, आजोबांनी विचारलं की खाटेजवळ बस आणि नीट उत्तर दे, त्या बाईंच्या देखत. घड्याळ चालू असेल. असू दे.

मग मला फोन कर. रागावून केलास तरी चालेल.

तुझा, आणि चिमणीने मानलं तर तिचाही,
भाऊ