उल्काताईच्या घराचा माझा अर्धा हिस्सा

मी, ईश्वर जनार्दन बेडेकर, वय वर्षे चौपन्न, व्यवसायाने संगणक-अभियंता व व्यसनाने इतिहाससंशोधक, राहणार रिचमंड हिल, ओंटारिओ, कोणाच्याही दडपणाविना (धर्मपत्नी ग्रोसरीला गेली आहे) व पूर्ण शुद्धीत माझी अंतिम इच्छा नोंदवीत आहे.

कलम १. राहते घर, बचत व गाडी पत्नी वनिता हिला. विंटर टायर नवे आहेत. या पत्राची अंमलबजावणीही तीच करील.

कलम २. गॅस्कनीतील बिगोर प्रांताची तेराव्या शतकातील स्वामिनी पेट्रोनिला हिच्यावरील माझे नऊशे पृष्ठांचे अप्रकाशित हस्तलिखित चिरंजीव शुभंकर यास. "डॅड, हू इज गोइंग टू रीड धिस?" ही त्याची पृच्छा सयुक्तिक आहे. या बाईंनी पाच विवाह केले आणि १२५१ साली मृत्युपत्राने प्रांत मुलीच्या मुलाला दिला. धाकट्या जावयाने हरकत घेतली. तंटा इतका चिघळला की चाळीसएक वर्षांनी फ्रान्सच्या राजाने प्रांत स्वतःच्याच ताब्यात घेतला. बाईंच्या गाफीलपणावर मी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. त्यातील प्रत्येक विशेषण आता मलाच शोभते.

कलम ३. मातोश्री कै. प्रमिलाबाई यांनी मृत्युपत्राने आपले घर माझी थोरली बहीण उल्का हिला दिले होते. नऊ वर्षे तिने आईचे पथ्य, औषधे व स्वभाव सांभाळला. साक्षीला शेजारी बोलवावेत, असे वनिताने सुचवले. आई म्हणाली, "घरच्या कागदावर परक्याची सही कशाला?" मी, मध्ययुगीन मृत्युपत्रांचा स्वयंघोषित अधिकारी, म्हणालो, "ताई, तूच कर. इथं, या रेघेवर." ओंटारिओच्या कायद्याने, ज्याला मिळायचे त्यानेच साक्ष दिली तर त्याचे दान निष्फळ ठरते. न्यायालयात दाद मागता आली असती. "आईच्या शब्दासाठी मी कोर्टात भीक मागू?" असे ताई म्हणाली. घर आम्हां भावंडांत अर्धे-अर्धे झाले. स्वतःच्या स्वयंपाकघरात ती माझी भागीदार ठरली.

कलम ४. माझा अर्धा हिस्सा मी तीनदा तिच्या नावे करू पाहिला.
"ईश्या, आईनं दिलेलं घर आता तुझ्याकडून बक्षीस घेऊ?"
"मग तुला हवंय तरी काय?"
"ठाऊक आहे तुला."
ठाऊक आहे. तरीही दोन वर्षे मी तिला कायद्याची मीमांसा ऐकवली, आईच्या हट्टावर व्याख्यान दिले आणि वनिताने पुरेसा आग्रह धरला नाही, असाही निष्कर्ष काढला.

तो हिस्सा माझ्या पश्चात उल्का हिला. हे कलम ऐकताच तिने पेन उचलले. "आण इकडे, मीच होते साक्षीदार. पुन्हा होऊ दे निष्फळ!" सबब सह्या शेजारच्या गराजमध्ये होत आहेत.

कलम ५ (सह्यांपूर्वी, गराजमध्ये, हाताने लिहिलेले). ताई, चूक माझी होती. रेघ मी दाखवली. आईवर ढकललं, ते खोटं होतं. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. आज संध्याकाळी येऊन मी ते तुला वाचून दाखवीन. दार उघड.

ठिकाण : रिचमंड हिल
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२४
(सही) ईश्वर जनार्दन बेडेकर

आम्हां दोघांसमक्ष, एकाच वेळी सही केली :
१. बहराम नादरी, शेजारी
२. मेई चान, शेजारी
(दोघांनाही मराठी येत नाही. कलम ५ लिहिताना मी ठीक आहे ना, असे दोघांनीही विचारले.)