रोजच्या दोन बादल्या

बुधवार, १६ एप्रिल २०२५

परत तेच! टूल अजून टेकलेलंही नाही, आणि सेन्सर म्हणतो — लागलं!

काम ते केवढं? टूल खाली यायचं, सेन्सरच्या बटणाला टेकायचं, मशीनने तिथून माप धरायचं. आज हवेतच दिवा लागला. लोखंडाचे नऊ जॉब उथळ कापले गेले, सगळे परत करायचे. सेन्सर नवा घातला, वायर नवी घातली, तरी हे नखरे. मंजुषा ते मशीन चालवते. आज तिने त्याला चक्क हात जोडले.

रावसाहेब म्हणाले, "पुढच्या बुधवारपर्यंत बघतो. नाहीतर विकून टाकू, कामं बाहेरून करून घेऊ." शेठ माणूस, बोलला की करतो. मशीन गेलं तर मंजुषा घरी. आणि मी सुपरवायझर कशाची — पंख्याची?

गुरुवार, १७ एप्रिल

सेन्सर बंदच ठेवला. बिडीच्या बंडलाचा पातळ कागद जॉबवर धरला, टूल हळूहळू खाली आणलं, कागद अडला तिथे झिरो. माप बिनचूक! मंजुषा बघतच राहिली. "मॅडम, हे कुठं शिकलात?"

जोतीरामकाकांकडे. सोळा वर्षांपूर्वी मी रबाळ्याच्या याच शेडमध्ये आले तेव्हा बाकीचे म्हणाले, मुलगी काय मशीन चालवणार! काकांनी कागदाची पट्टी हातात दिली. "वडून बग. अडला की थांब. डोळं मीट, बोटाला कळतंया." दिवसभर नुसता कागद ओढला. संध्याकाळी त्यांच्या डब्यातली दशमी मिळाली. त्या दशमीची चव अजून आठवते. फार आठवण येते त्यांची.

पण कागदावर दिवसाला निम्मंच काम होतं. रावसाहेबांना ते चालणार नाही.

शनिवार, १९ एप्रिल

सेन्सर आजही नीट नाही. इथे तरी खरं लिहावं.

काकांना मी घालवलं. जानेवारीत रावसाहेबांनी विचारलं, एक माणूस कमी करायचाय, कोण? मी म्हटलं, "काकांचा रोजचा अर्धा तास शेडमागे जास्वंदीला पाणी घालण्यात जातो." एवढंच बोलले. एवढंच पुरलं. सगळे त्यांना माळीबुवा म्हणायचे, मीसुद्धा. काकांनी निरोपाचा शाल-नारळ घेतला, आणि जाताना जाडी मोजायचा स्वतःचा मायक्रोमीटर माझ्या टेबलावर ठेवून गेले. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

ड्रॉवरमध्ये आहे. उघडत नाही मी तो.

सोमवार, २१ एप्रिल

आज दिवसभर सेन्सर शहाण्यासारखा वागला! काहीच केलं नाही मी. मंजुषाची मात्र वेगळीच कुरकुर — काल पाण्याची टाकी भरून वाहिली, मागे सगळा चिखल, नव्या चपला गेल्या.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी परत बिघडला. चिडून मागे गेले. चिखल वाळला होता. जास्वंदीची तर काडी झालीय. तिच्या बुडाशी सिमेंटचं झाकण — अर्थिंगचा खड्डा! काल ओल होती, सेन्सर नीट होता. आज वाळलं, बिघडला.

मारोती इलेक्ट्रिशियनला बोलावलं. झाकण उघडून तो म्हणाला, "मॅडम, खड्डा पार सुकलाय. ओल न्हाई, म्हणून अर्थिंग नावालाच हाय. शेजारच्या वेल्डिंगचा सगळा विजेचा कचरा तुमच्या सेन्सरमध्ये घुसतोय." मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी मीच ओतलं. मग वीस वेळा टूल टेकवून पाहिलं. वीसही वेळा तोच आकडा!

मंजुषाने टाळ्या वाजवल्या. मला काही वाजवता आल्या नाहीत.

बुधवार, २३ एप्रिल

मशीन राहिलं. रावसाहेब खूश. मला म्हणाले, "शाब्बास!"

जेवणाच्या सुट्टीत काकांना फोन लावला, त्यांच्या गावी खटावला. विचारलं, पाणी झाडाला नव्हतं ना?

"झाडालाबी हुतं की. पर झाड मागनं आलं. आदी खड्डा."

मग आम्हाला कधी सांगितलं का नाही? हसले.

"सांगितलं हुतं की पोरी. तू आलीस त्याच आठवड्यात. तू तर लगीच लिवून घेतलंस."

मी नाही म्हटलं. सत्तरी आली त्यांची, दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल. मुख्य गोष्ट बोलायची राहिलीच. त्यांनी विचारलं, "जास्वंद हाय न्हवं?" मी हो म्हणाले.

गुरुवार, २४ एप्रिल

माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. ९ फेब्रुवारी २००९. अक्षर माझंच —

"जोतीरामकाकांनी अर्थिंगचा खड्डा दाखवला. रोज दोन बादल्या, नाहीतर मशीनला वेड लागेल. म्हणाले, मी नसेन तेव्हा तू घालायचं. मी हो म्हटलं."