मीच मागून घेतलेल्या नकारातून सुटका मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
वर्तन व अर्थविचार संशोधन केंद्र,
बडोदे.

विषय : सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळण्याबाबत (अर्ज पाचवा).
संदर्भ : रुजू होताना मीच लिहून दिलेले हमीपत्र.

महोदय,

खाली सही करणारी मी, रसिका विश्वंभर दिघे, राहणार वासणा, आपल्या केंद्रात पीएच.डी.पूर्व संशोधन साहाय्यक आहे. यापूर्वीचे अर्ज मी इंग्रजीत केले, एक गुजरातीत. आपण घरी मराठी बोलता असे कळल्यावरून हा मराठीत करीत आहे. यातून आपल्यावर दबाव आणण्याचा हेतू नाही. खरे सांगायचे तर थोडा आहे.

१. माणूस निर्णय खरोखर कसे घेतो, हे त्याच्या मनाचा स्वभाव धरून अर्थशास्त्राच्या सूत्रांत मांडणे, असे आमचे काम आहे. जुन्या पुस्तकांतला माणूस ठरवतो तसे करतो. आमचा माणूस सोमवारपासून व्यायाम करीन म्हणतो आणि सोमवारी पांघरूण ओढून घेतो. शहाणा असेल तर तो उद्याच्या स्वतःचे हात आजच बांधून ठेवतो.

२. मी सी.ए. अर्धवट सोडले, पुढे बँकेच्या परीक्षाही. म्हणून रुजू होताना मी राजीखुशीने लिहून दिले की दोन वर्षे होण्याआधी मी रजा मागितल्यास, कारण कितीही खरे वाटो, ती देऊ नये. वडील शेजारीच बसले होते. ते कोयलीच्या रिफायनरीत आयुष्यभर शिफ्टमध्ये राबले; मुलीने एक तरी गोष्ट तडीस न्यावी एवढीच त्यांची इच्छा. "माझं काही झालं म्हणून रजा मागशील, तेही घाल," असे ते म्हणाले. मी घातले. माझ्या व त्यांच्या, अशा दोघांच्या संमतीशिवाय हमीपत्र रद्द होऊ नये, हेही त्यांनीच सुचवले आणि साक्षीदार म्हणून सही केली. आम्ही हसत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३. होळीच्या सुमारास वडिलांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. नोकरीत अस्खलित गुजराती बोलणारा हा माणूस आता गुजराती ऐकून नुसता बघत राहतो. मराठी मात्र समजते असे दिसते. वाचा-उपचार करणाऱ्या बाई सांगतात की परत यायचे ते मराठीच आधी येईल आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. सकाळी डोके ताजे असताना घरच्या माणसाने त्यांच्याशी बोलत राहावे. आईला ऐकू कमी येते. दिवसभर सांभाळणाऱ्या शिवांगीबेन मायाळू आहेत, पण त्यांना मराठी येत नाही. मी घरी पोहोचते तेव्हा बाबा थकून झोपलेले असतात.

४. माझा पहिला अर्ज हमीपत्रानुसार नामंजूर झाला. दुसऱ्याला वैद्यकीय दाखला जोडला, तेव्हा "हे कारण अर्जदाराने आधीच कळवले आहे" असा शेरा आला. आजवर कुठल्याही कार्यालयाने माझा शब्द इतक्या निष्ठेने पाळला नव्हता. माझे मार्गदर्शक सज्जन आहेत; त्यांनी माझे अर्ज, नाव न घालता, स्वतःच्या शोधनिबंधात उदाहरण म्हणून घेतले. मी जितकी काकुळतीला येते तितका सिद्धान्त बळकट होतो, आणि अर्ज थांबवले तर गरज तात्पुरती होती असे ठरते. माणसावर खरेच संकट आले तर ते सूत्रात कुठे दिसते, असे मी त्यांना विचारले. प्रश्न चांगला आहे, पुढे त्यावर काम करता येईल, असे ते म्हणाले. परवानगीवाचून घरी बसले तर शिफारसपत्र नाही, आणि त्यावाचून पीएच.डी.ला कोण विचारतो? बाबांना बोलते करून मग त्यांना हेच सांगू का, की मी तिसऱ्यांदाही सोडले?

५. आपण वडिलांची संमती समक्ष मागितलीत. गेल्या सोमवारी त्यांना खुर्चीसकट जिना चढवून आपल्यापुढे आणले. त्यांच्याजवळ सध्या एकच शब्द आहे, "नको." चहा हवा असला तरी नको, पाणी पिऊन झाले तरी नको. हे मी आपणास आधीच सांगितले होते. मुलीला रजा द्यावी का, असे आपण विचारलेत. ते "नको" म्हणाले. आपण नोंद केलीत. मग मी विचारले, बाबा, मी इथेच काम करत राहू का? त्यालाही ते "नको" म्हणाले, पण तोवर आपण पेन खिशाला लावले होते.

६. इथवर माझी तक्रार होती. आता जे लिहिते ते कोणत्या नियमात बसते, मला ठाऊक नाही. चहाला नको म्हणताना बाबा खिडकीबाहेर बघत असतात. आपल्या प्रश्नाला मात्र त्यांनी माझ्याकडे पाहून उत्तर दिले. ते नको आजाराचे होते की माझ्या बाबांचे, हे मला कळत नाही, आणि मला फार भीती वाटते आहे.

तरी हमीपत्र रद्द करावे, ही मागणी मी मागे घेते. बाबांना दुसरा एखादा शब्द येईपर्यंत तेवढे मला घरी जाऊ द्यावे. तो आला की त्यांना पुन्हा आपल्यापुढे आणीन. आपण हाच प्रश्न विचारावा. ते म्हणतील ते मी मान्य करीन.

आपल्या शेऱ्याची वाट पाहणारी,
(सही)
रसिका विश्वंभर दिघे
दि. १४ मे २०२५

सोबत :
१) हमीपत्राची प्रत.
२) वैद्यकीय दाखला.
३) वडिलांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. तो कशाला संमती म्हणून दिला, हे त्यांना सांगता आलेले नाही.